खोटी साइट बंद कशी पाडायची : सीमाभागातल्या नवख्या तक्रारदारांसाठी

खानापुरात आमच्या गल्लीतल्या एका अक्कांच्या फोनवर गेल्या वर्षी एक लिंक आली. वर गृहलक्ष्मी योजनेचं नाव, बाजूला सरकारी वाटेल असं चिन्ह आणि खाली चक्क मराठीत मजकूर : 'आपला हप्ता थांबला आहे, आजच केवायसी करा.' महिन्याच्या दोन हजारांवर ज्यांचं औषधपाणी चालतं त्यांनी ते वाचून घाबरावं यात नवल नाही. आधार क्रमांक भरून झाला, खाते क्रमांक भरून झाला, ओटीपीच्या चौकटीपाशी आल्या तेव्हा नातवानं फोन हातातून काढून घेतला. पैसे वाचले.

ती साइट मात्र पुढचे अकरा दिवस उघडत होती. मी रोज सकाळी बघायचो. गल्लीत सगळ्यांना ती खोटी असल्याचं ठाऊक होतं, पण ती बंद कुणी पाडायची आणि कुणाला सांगून, हे एकालाही माहीत नव्हतं. मलाही नाही. बाराव्या दिवशी शोधत शोधत योग्य जागी इंग्रजीत सहा ओळींची तक्रार पाठवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साइट गेली. ते अकरा दिवस मला अजून सलतात. हा लेख त्यासाठी आहे.

साइटवरच हात का टाकायचा

फसवणारा माणूस कुठे बसला आहे हे शोधणं पोलिसांचं काम आणि त्याला महिने लागतात. साइट म्हणजे त्याचं दुकान. दुकान मिटलं की त्या दिवशी लिंक दाबणारा माणूस वाचतो. काँग्रेस गवत फुलायच्या आधी उपटलं तर शेत वाचतं, फुलल्यावर उपटून बी पडायचं ते पडतंच. इथंही सगळा हिशेब वेळेचा आहे.

२००७-०८ च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठातल्या टायलर मूर आणि रिचर्ड क्लेटन या संशोधकांनी खोट्या साइट किती वेळ टिकतात हे मोजलं होतं. बँकांच्या नावावर चालणाऱ्या साध्या फिशिंग साइट, म्हणजे खोट्या पानावर माहिती भरायला लावून ती चोरणाऱ्या साइट, सरासरी ६२ तासांच्या आसपास टिकत होत्या. पण घरबसल्या नोकरी देतो म्हणून चोरीचे पैसे फिरवायला माणसं गोळा करणाऱ्या साइट त्याहून कितीतरी जास्त काळ चालू राहत. बँकेच्या नावाला धक्का लागला की बँक धावून येते. नोकरीच्या खोट्या साइटवर कुणाचंच नाव नसतं, त्यामुळे तिच्यामागे धावायलाही कुणी नसतं.

हेच आपल्याला लागू आहे. मराठीत लिहिलेलं, कर्नाटकातल्या योजनेचं किंवा निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या सौहार्द संस्थेचं (म्हणजे कर्नाटकातल्या एका प्रकारच्या सहकारी संस्थेचं) नाव घेतलेलं पान परदेशातल्या कुठल्या तक्रार कक्षाला वाचता येणार? मोठ्या बँकेची नक्कल यंत्रंसुद्धा पकडतात. आपल्या भाषेतलं खोटं आपणच ओळखू शकतो, म्हणून तक्रारही आपणच करायला हवी.

आधी पैसे, मग साइट

पैसे गेले असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि १९३० ला फोन लावा. हा क्रमांक देशभर एकच आहे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपलं खातं कुठल्या बँकेत आहे एवढं हाताशी ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतो. तो वाटेत गोठवायचा असेल तर पहिले काही तासच कामाचे. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि मिळालेला क्रमांक वहीत लिहून ठेवा. (या लेखातले पत्ते देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची.)

सीमाभागात एक गोंधळ नेहमीचा. माणूस निपाणीचा, खातं कोल्हापुरातल्या शाखेत, सिम बेळगावात घेतलेलं. मग 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं ऐकावं लागण्याची भीती वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यात माहिती देता येते. याला झिरो एफआयआर म्हणतात. कर्नाटकात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन नावाची वेगळी ठाणी आहेत, बेळगावातही आहे. आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो. अर्ज मराठीत सुचत असेल तर आधी मराठीत लिहून काढा, मग कन्नड किंवा इंग्रजीत उतरवून घ्या. घटना आपल्या भाषेत एकदा नीट मांडली की तपशील सुटत नाहीत.

पुरावा : पान असेपर्यंतच

साइट बंद झाली की पुरावाही गेला. म्हणून तक्रारीआधी हे गोळा करा.

लिंक उघडू नका. बोट दाबून धरा आणि कॉपी करा, वहीत किंवा नोट्समध्ये पूर्ण उतरवा. पूर्ण म्हणजे शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचं सगळं. पुष्कळ लोक फक्त साइटचं नाव कळवतात. कक्षातला माणूस नाव उघडतो, त्याला कोरं पान दिसतं, आणि तक्रार निकाली निघते. खोटा फॉर्म बहुतेकदा आतल्या पानावर असतो.

लिंक कशी आली हेही लिहा : एसएमएस, व्हॉट्सॲप, फेसबुकवरची जाहिरात. एसएमएस असेल तर पाठवणाऱ्याच्या नावाचा शेवट बघा. २०२५ पासून व्यावसायिक संदेशांच्या नावाला शेवटी एक अक्षर जोडलेलं असतं. जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरातीचा. सरकारी योजनेचा संदेश दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून आला असेल तर तेवढंच तक्रारीत लिहिण्याजोगं आहे.

पान बघायचंच असेल तर युआरएलस्कॅन डॉट आयओ या साइटवर लिंक टाका. ती आपल्या वतीनं पान उघडते आणि त्याचं चित्र देते. दोन गोष्टी सांभाळा. लिंकच्या शेवटी कुणाचा मोबाइल नंबर चिकटवलेला असेल तर तो काढून टाका, कारण तिथं केलेली उघड तपासणी सगळ्यांना दिसते. आणि तिथं पान कोरं दिसलं म्हणून 'काही नाही' असं समजू नका. भामटे पुष्कळदा पान असं बांधतात की ते फक्त मोबाइलवर आणि फक्त भारतातून उघडलं तरच दिसावं. परदेशातला कक्ष उघडतो तेव्हा त्याला रिकामं पान किंवा भलतीच साइट दिसते. अक्कांच्या वेळी माझी पहिली तक्रार यामुळेच परत आली. दुसऱ्या वेळी लिहिलं, 'हे पान भारतीय मोबाइल नेटवर्कवरून आणि फोनच्या ब्राउझरमधूनच दिसतं, सोबत चित्र जोडलं आहे', आणि काम झालं.

पान फोनवर आधीच उघडलं गेलं असेल तर त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये वरची पत्त्याची पट्टी आणि वेळ दिसायला हवी. ज्या फोनवर संदेश आला तो फोन आणि तो संदेश जपा. पोलिसांना मूळ लागतो.

नाव उजवीकडून वाचा

साइटचं खरं नाव पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी असतं. 'गृहलक्ष्मी डॉट गव्ह डॉट इन डॉट फॉर्म-भरा डॉट टॉप' असं असेल तर मालक 'फॉर्म-भरा डॉट टॉप' आहे, पुढचं सगळं सजावट. 'गव्ह डॉट इन'नं संपणारं नाव सरकारी कार्यालयांनाच मिळतं, पण ते अगदी शेवटी असेल तरच. मधे किंवा आडव्या रेघा घालून लिहिलेलं असेल तर ती फसवणूक.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं 'डॉट बँक डॉट इन' हे वेगळं नाव ठेवलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर यायला सांगितलं, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या. आपल्याकडच्या पतसंस्था आणि सौहार्द संस्था बँका नाहीत, त्यांना ते नाव नाही. त्यामुळे त्यांच्या नावाची नक्कल करणं सोपं आणि ओळखणं अवघड. माझ्या मते सीमाभागात येत्या काळात सगळ्यात जास्त लक्ष इथंच द्यायला हवं. सैन्यभरतीचंही तसंच. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं आपल्या पोरांना भरतीच्या लिंकवर चटकन विश्वास बसतो. सैन्यातल्या अग्निवीर भरतीचा अर्ज फक्त जॉइनइंडियनआर्मी डॉट एनआयसी डॉट इन इथंच भरला जातो.

पाटी कुणाची, गाळा कुणाचा

तक्रार कुणाकडे करायची हे समजण्यासाठी खडेबाजारातलं दुकान डोळ्यापुढे आणा. नावाची पाटी एकानं रंगवून दिलेली असते आणि गाळा दुसऱ्यानं भाड्यानं दिलेला असतो. इंटरनेटवर पाटी देणारा तो रजिस्ट्रार, गाळा देणारा तो होस्टिंगवाला. दोघांपैकी कुणीही हात काढून घेतला तरी दुकान मिटतं.

जमिनीचा उतारा काढतो तसा डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचाही उतारा निघतो, फुकट. लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग इथं नाव टाका. मालकाचं नाव बहुतेकदा झाकलेलं असतं, त्यात वेळ घालवू नका. बघायचं ते एवढंच : नोंदणी कधी झाली, रजिस्ट्रार कोण, त्याचा 'अब्यूज' म्हणजे गैरवापराच्या तक्रारीचा ईमेल कोणता, आणि नेमसर्व्हर, म्हणजे ते नाव टाकल्यावर साइट कुठे आहे हे सांगणारी यंत्रं, कुणाचे. चार दिवसांपूर्वी नोंदलेलं नाव सरकारी योजनेचं कसं असेल? ती तारीख तक्रारीत पहिल्या ओळीतच लिहा.

रजिस्ट्रारला टाळाटाळ करणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. डोमेनांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेनं करारात बदल केले आणि ५ एप्रिल २०२४ पासून डॉट कॉम, डॉट टॉप अशा नावांच्या रजिस्ट्रारांना फिशिंगचा पुरेसा पुरावा मिळाल्यावर कारवाई करणं बंधनकारक झालं. 'पुरेसा पुरावा' हे शब्द महत्त्वाचे. नुसतं 'ही साइट फ्रॉड आहे' असं लिहिणं पुरत नाही. डॉट इन नावांचं वेगळं. ती भारतातल्या निक्सी या संस्थेकडे आहेत आणि आयकॅनचा हा करार त्यांना लागू नाही. तिथं रजिस्ट्रारबरोबर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेलाही कळवायचं, पत्ता इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ऑर्ग डॉट इन.

नेमसर्व्हरमध्ये क्लाउडफ्लेअरचं नाव दिसलं तर गोंधळू नका. तो बहुतेक वेळा गाळेवाला नसतो, दारासमोरचा पडदा असतो. त्याच्या साइटवर गैरवापराचा फॉर्म आहे. तो भरला की तक्रार खऱ्या होस्टिंगवाल्याकडे जाते आणि फिशिंग पक्कं असेल तर पानापुढे इशाराही लागू शकतो.

इथं एक गोष्ट मनापासून सांगतो. दर खोट्या पानामागे खोटा माणूस असतोच असं नाही. पुष्कळदा एखाद्या शाळेची, देवस्थानाची, गुळाच्या व्यापाऱ्याची साइट फोडून तिच्या एका कोपऱ्यात ते पान दडवलेलं असतं. पत्त्यात 'डब्ल्यूपी-कंटेंट' किंवा तसला लांबलचक फोल्डर दिसला आणि डोमेन पाच-सात वर्षांचं जुनं असेल तर तसंच समजा. तेव्हा रजिस्ट्रारला लिहून अख्खी साइट बंद पाडणं म्हणजे चोरी झालेल्या घरालाच कुलूप लावणं. तिथं होस्टिंगवाल्याला आणि जमलं तर मालकाला फोन करून सांगा, ते फक्त घाण काढतील.

तिसरा प्रकार फुकट जागेवरचा : गूगल फॉर्म, ब्लॉगर किंवा फुकट साइट बनवून देणाऱ्या सेवा. तिथं पाटी आणि गाळा एकाचाच. गूगल फॉर्मच्या तळाशीच गैरवापर कळवायचा दुवा असतो. एक मिनिटाचं काम आहे. 'लग्नपत्रिका' किंवा 'आरटीओ चलान' म्हणून येणारी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, हा मात्र वेगळा रोग. ती उघडू नका, व्हॉट्सॲपवर तो नंबर रिपोर्ट करा आणि सायबरक्राइम पोर्टलवर कळवा.

पत्र

पत्र इंग्रजीत जाईल, पण मांडणी अशी ठेवा. एका पत्रात एकच साइट.

विषय : फिशिंग, साइटचं नाव, भारतातील नागरिकांची आधार व बँक माहिती चोरली जात आहे.

'तुमच्याकडे नोंदलेल्या या डोमेनवर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या नावाचा खोटा फॉर्म चालू आहे. पूर्ण लिंक अशी. डोमेन अमुक तारखेला नोंदलं गेलं. पान मराठीत आहे. पहिल्या ओळीचा अर्थ : तुमचे पैसे थांबले आहेत, आजच माहिती भरा. पानावर आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि ओटीपी मागितला जातो. खऱ्या सरकारी साइटचं नाव गव्ह डॉट इननं संपतं. पान फक्त भारतीय मोबाइल नेटवर्कवरून दिसतं. अमुक वेळी घेतलेली तीन चित्रं जोडली आहेत. कृपया डोमेन थांबवावं आणि केलेली कारवाई कळवावी.'

एवढंच. मराठी ओळीचा अर्थ द्यायला विसरू नका, सगळ्या पत्राचा जीव त्यात आहे. धमकी नको, कायद्याची कलमं नकोत, आपल्या गावाची व्यथा नको. तक्रार वाचणाऱ्यापुढे शेकडो पत्रं असतात. तीस सेकंदांत त्याची खात्री पटली पाहिजे. स्वतःचा आधार, खातं, घरचा पत्ता पत्रात लिहू नका. काही रजिस्ट्रार तक्रार ग्राहकाकडे जशीच्या तशी पुढे पाठवतात, म्हणून या कामासाठी वेगळा ईमेल काढलेला बरा.

उत्तराची वाट बघता बघता

पत्र गेल्यावर हातावर हात ठेवून बसायचं नाही. गूगलच्या सेफ ब्राउझिंगला, म्हणजे धोकादायक साइटच्या यादीसाठी, लिंक कळवा. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्ही ही यादी वापरतात. लिंक यादीत गेली की साइट जिवंत असूनही समोर लाल पान येतं. फायरफॉक्समध्ये मदतीच्या मेनूतूनच फसवी साइट कळवता येते, मायक्रोसॉफ्टच्या एजमध्येही तसंच. साइट बंद व्हायला दोन दिवस लागले तरी लाल पान त्याआधी लागू शकतं, आणि अक्कांसारख्या माणसाला तेच थांबवतं.

सायबरक्राइम पोर्टलवर संशयित साइट, नंबर किंवा एसएमएसचं नाव कळवायची वेगळी सोय आहे, त्यासाठी स्वतःचे पैसे गेलेले असावे लागत नाहीत. फसवा फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप संदेश दूरसंचार विभागाच्या संचारसाथी पोर्टलवरच्या 'चक्षु'त कळवा. ठेवी दुप्पट करून देणारी साइट असेल तर रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' पोर्टल आहे. सरकारच्या पातळीवरून बंदी येते तेव्हा एका फटक्यात पुष्कळ साइट जातात : डिसेंबर २०२३ मध्ये पार्टटाइम नोकरी आणि गुंतवणुकीच्या नावानं फसवणाऱ्या शंभरहून अधिक साइट आयटी कायद्याखाली अडवल्या गेल्या.

ज्याच्या नावाची नक्कल झाली त्या संस्थेला कळवणं फार उपयोगी पडतं. सौहार्द संस्थेच्या चेअरमन-सेक्रेटरींना भेटा आणि लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र घ्या, 'ही साइट आमची नाही, आमची खरी साइट ही'. रजिस्ट्रारपुढे या एका कागदाला आपल्या दहा पत्रांचं वजन आहे. कुणी म्हणेल, 'बदनामी नको, गप्प राहा.' त्यांना शांतपणे सांगा की सभासद फसल्यावर होणारी बदनामी मोठी.

काय करू नये

सावध करायला म्हणून ती लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका. आम्ही एकदा टाकली आणि त्यातल्याच एका मामांनी ती दाबली. स्क्रीनशॉट टाका, तोही लिंकवर आडवी रेघ मारून. भामट्याशी बोलू नका, त्याला शिव्या घालू नका. साइट 'उडवायला' हॅकिंगच्या वाटेला जाऊ नका. समोरचा चोर असला तरी दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीविना घुसणं किंवा ती पाडणं आयटी कायद्यानं गुन्हाच आहे. आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला असेल तर तपास अधिकाऱ्याला आधी विचारा, त्यांना साइट काही तास चालू हवी असू शकते.

बंद झाली हे कसं समजायचं

त्याच उताऱ्यावर डोमेनच्या स्थितीत 'क्लायंट होल्ड' किंवा 'सर्व्हर होल्ड' दिसलं की पाटी उतरली. नुसतं पान उघडत नाही म्हणून खूश होऊ नका, भामटा रात्री पान झाकून सकाळी उघडतो. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच पत्राखाली पुन्हा लिहा, नवं पत्र सुरू करू नका.

आठवडाभरानं पुन्हा बघाच. ही पानं कुणी हातानं बांधत नाही, तयार साचे भाड्यानं मिळतात. एप्रिल २०२४ मध्ये पोलिसांनी बंद पाडलेल्या लॅबहोस्ट या सेवेचे जगभरात सुमारे १० हजार वापरकर्ते होते आणि तिच्याशी जोडलेली किमान ४० हजार फिशिंग डोमेनं सापडली. त्यामुळे तोच साचा एका अक्षराच्या फरकानं परत येतो.

तो शोधायचा एक रस्ता आहे. साइटला कुलपाचं चिन्ह मिळतं ते प्रमाणपत्रामुळे, आणि प्रमाणपत्रांची नोंद सार्वजनिक असते. सीआरटी डॉट एसएच इथं योजनेचं नाव इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाका. ते नाव असलेली डोमेनं यादीत येतात. अक्कांची साइट गेल्यावर पाचव्या दिवशी मी तसं शोधलं. जवळजवळ त्याच नावाचं, आदल्या रात्री नोंदलेलं डोमेन सापडलं. जुनंच पत्र काढलं, लिंक आणि तारीख बदलली, नवी चित्रं जोडली आणि सकाळी साडेनऊला पाठवून दिलं. या वेळी शेजारचा तो नातू बाजूला बसून सगळं वहीत उतरवून घेत होता.